कोरियाचे युद्ध नेमके कोणाचे?

प्रश्न : कोरियातले युद्ध उत्तर कोरियाने सुरू केले, असे शाळेत शिकलो. काही जण मात्र ते अमेरिका-रशियाने लावून दिलेले भांडण म्हणतात. खरे काय मानायचे?

उत्तर : २५ जून १९५० च्या पहाटे हल्ला उत्तरेनेच केला, याबद्दल आता वाद उरलेला नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मॉस्कोतली कागदपत्रे उघडी झाली आणि उत्तरेचा नेता किम इल सुंग व स्टालिन यांची आधीची बोलणी बाहेर आली. पण पहिली गोळी कोणी झाडली एवढ्याने युद्धाची कारणे कळत नाहीत. ‘लावून दिलेले भांडण’ हे म्हणणेही मला अर्धेच पटते.

देश तोडला तो परक्यांनी, हे खरे. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येणार असे दिसताच, दक्षिणेकडे सरकणाऱ्या रशियन फौजा कुठे थांबवायच्या ते ठरवण्याचे काम वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अधिकाऱ्यांवर आले. हाताशी ‘नॅशनल जिऑग्राफिक’चा नकाशा होता, वेळ जेमतेम अर्धा तास. राजधानी सोल आपल्याकडे राहावी म्हणून त्यांनी ३८ वा अक्षांश सुचवला आणि स्टालिनने तो मान्य केला. कोरियन माणसाला कोणी विचारलेही नाही.

पुढे संयुक्त राष्ट्रांनी निवडणुकांसाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते आपले के. पी. एस. मेनन. रशियनांनी आयोगाला उत्तरेत पाऊल ठेवू दिले नाही, म्हणून मे १९४८ मध्ये मतदान फक्त दक्षिणेत झाले. त्याच महिन्यात उत्तरेने दक्षिणेची वीज तोडली. वर्ष सरण्याआधी दक्षिणेत सिंगमन ऱ्ही आणि उत्तरेत किम इल सुंग यांची दोन सरकारे उभी राहिली, आणि अख्खा देश आपलाच असा दोघांचाही दावा होता.

इथून पुढची आग मात्र कोरियनांची स्वतःची. किम जपान्यांशी लढलेला गनिमी सैनिक. दक्षिणेच्या पोलिसांत तर जपान्यांची चाकरी केलेली माणसे तशीच कायम होती. एप्रिल १९४८ मध्ये दक्षिणेतल्या जेजू बेटावर उठाव झाला. तो चिरडताना हजारो गावकरी मारले गेले. फाळणी पक्की होऊ नये म्हणून प्याँगयांगला जाऊन बोलणी करणारे दक्षिणेचे ज्येष्ठ नेते किम कू यांचा जून १९४९ मध्ये खून झाला. त्या वर्षी सीमेवर, विशेषतः ओंगजिन भागात, चकमकी सारख्या चालू होत्या आणि काही वेळा कुरापत दक्षिणेची असे.

मग युद्ध १९४९ मध्येच का पेटले नाही? कारण दोन्ही पाठीराख्यांनी आपापल्या माणसाला आवरून धरले होते. ऱ्ही उत्तरेवर चालून जाईल या भीतीने अमेरिकेने त्याला रणगाडे दिलेच नाहीत. स्टालिननेही किमची हल्ल्याची मागणी आधी फेटाळली होती.

मग पारडे फिरले. ऑगस्ट १९४९ मध्ये रशियाने अणुबॉम्बची चाचणी केली, ऑक्टोबरमध्ये चीन माओच्या हाती गेला, आणि माओच्या सैन्यात लढून तयार झालेले हजारो कोरियन सैनिक उत्तरेत परतले. १९५० च्या वसंतात स्टालिनने होकार दिला, पण अट घालून : माओची संमती घे, माझे सैन्य येणार नाही. अमेरिकी परराष्ट्रमंत्री अचिसन यांनी जानेवारीतल्या भाषणात संरक्षणरेषेतून कोरिया वगळला आणि त्यामुळेच हे घडले, असे अनेक पुस्तके सांगतात. एका भाषणाला इतके श्रेय मी देणार नाही. चीनमधल्या विजयाचे वजन जास्त होते.

अमेरिका मध्ये पडणार नाही, हा स्टालिनचा आणि किमचा अंदाज मात्र साफ चुकला. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना या हल्ल्यात कोरियनांचे आपसातले वैर दिसलेच नाही. मॉस्को आपली परीक्षा पाहते आहे, असे त्यांनी मानले आणि काही दिवसांतच अमेरिकी फौज उतरवली. संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा माओच्या सरकारला न दिल्यामुळे रुसलेला रशियन प्रतिनिधी सुरक्षा परिषदेत गैरहजर होता, त्यामुळे नकाराधिकार वापरायलाही कोणी नव्हते. भारताने हल्ल्याचा निषेध करणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला, पण लढायला सैन्य न पाठवता वैद्यकीय पथक पाठवले.