शिक्षा आणि शिक्षण

शिक्षा हा शब्द मराठी माणसाच्या कानावर पडला की डोळ्यांसमोर छडी, दंड नाहीतर तुरुंग उभा राहतो. संस्कृतात मात्र त्याचा मूळ अर्थ शिकणे, शिकविणे असा आहे. वेदांच्या सहा अंगांपैकी एकाचे नावच शिक्षा. वर्णांचा उच्चार कसा करावा हे ते शिकविते. तैत्तिरीय उपनिषदाची पहिली वल्ली शीक्षावल्ली. विद्या संपवून निघालेल्या शिष्याने संसारात कसे वागावे, हे तीत गुरू सांगतात. तेथे मार नाही, कोंडणे नाही. मग भोगावयाची शिक्षा आणि शिकावयाची शिक्षा एका ठिकाणी नांदतील काय? या प्रश्नाला एक उत्तर तुरुंगातल्या कुत्र्यांनी दिले आहे, ते आज पाहू.

१९७५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील लिमा गावी, गुन्हा घडलेल्या मनोरुग्णांच्या रुग्णालयात एक जखमी पाखरू सापडले. एकमेकांशी धड न बोलणारे रुग्ण त्या पाखरासाठी एक झाले, किडे वेचून त्याला भरवू लागले. डेव्हिड ली नावाच्या समाजसेवकाने हे हेरले आणि तेथे प्राणी पाळण्याची सोय करविली. पुढे १९८१ साली वॉशिंग्टन राज्यात, पर्डी येथील स्त्रियांच्या तुरुंगात, पॉलीन क्विन या जोगिणीने पशुवैद्य लिओ बुस्टाड यांच्या साहाय्याने कुत्रे शिकविण्याचे काम सुरू केले. क्विनबाईंनी स्वतः तरुणपणी घराबाहेर आणि संस्थांतून फार हाल सोसले होते. एका कुत्र्याच्या सोबतीने त्यांना धीर आला होता. निवाऱ्यात पडून असलेली बेवारशी कुत्री तुरुंगात आणावयाची, कैदी बायकांनी ती शिकवावयाची आणि मग ती अपंगांना मदतीसाठी किंवा घरोघर दत्तक द्यावयाची, अशी ही रीत. १९९३ साली ऑरेगन राज्यातील मॅक्लारेन सुधारगृहात मुलांच्या हाती असेच काम दिले गेले. २०१४ साली जपानात, चिबा प्रांतातील याचिमाता येथील मुलांच्या सुधारगृहातही ते सुरू झाले.

आता हे शिकविणे कसे चालते ते ध्यानात घ्यावे. पहिले काही दिवस शिकविणे नाहीच. मार खाल्लेले कुत्रे माणसाचा हात वर गेला की अंग चोरते, कोपरा धरते. कैद्याने नुसते जवळ बसावयाचे, डोळ्याला डोळा भिडवावयाचा नाही. ते आपण होऊन हाताचा वास घेईल तेव्हा खाऊचा तुकडा द्यावयाचा. मग बस, थांब, ये, सोड अशा आज्ञा. आज्ञा एका शब्दाची. रोज तोच शब्द, तोच आवाज. बरोबर केले की तत्काळ शाबासकी; चुकले तर मार नाही, पुन्हा पहिल्यापासून. पट्ट्याला हिसका न देता चालणे, ठरल्या जागी शौचाला जाणे, अनोळखी माणसाच्या अंगावर न धावणे, एवढे आले म्हणजे ते घरात राहण्याजोगे झाले.

यात मर्म कोणते? ज्या रागाने कित्येकांना तुरुंगात आणले, तो राग येथे कवडीच्या कामाचा नाही. एकदा खेकसले की आठ दिवसांची कमाई गेली! म्हणजे कुत्र्याला बसायला शिकविता शिकविता माणूस स्वतःच्या मनाला बसायला शिकवितो. दुसरे असे की, कुत्रा तुरुंगाचे दप्तर वाचीत नाही. याने काय केले, किती वर्षांची सजा आहे, हे तो विचारीत नाही. आज वेळेवर खायला घातले का, एवढेच पाहतो. सगळ्या जगाने ज्याच्यावरचा विश्वास काढून घेतला, त्याच्यावर एक जीव विसंबून आहे. विश्वास टाकल्याशिवाय विश्वासू माणूस घडत नाही हो!

आपले महाभारत या दृष्टीने पाहावे. त्याच्या आरंभी, आदिपर्वात, जनमेजयाच्या यज्ञमंडपात सरमेचे पिलू येते आणि काही अपराध नसता त्याचे भाऊ त्याला झोडपतात. त्या अन्यायासाठी सरमा राजाला शाप देते. आणि शेवटाकडे, महाप्रस्थानिक पर्वात, धर्मराज एका कुत्र्यासाठी स्वर्गाच्या रथात पाय ठेवण्याचे नाकारतो. एकीकडे निरपराध जीवाला मार, दुसरीकडे आश्रिताचा त्याग न करण्याचा हट्ट. या दोन टोकांमध्ये माणसाला किती शिकावे लागते, ते व्यासांनी दाखविले आहे. नामदेवरायांची तुपाची वाटी तर सर्वांस ठाऊकच आहे.

पण या कामाचा सर्वांत कठीण पाठ शेवटी येतो. कुत्रा शिकून तयार झाला की तो द्यावा लागतो. महिनोन्‌महिने उशाशी निजलेला जीव दुसऱ्याच्या घरी जातो. कैद्याला रडू येते, आणि दुसऱ्या दिवशी नवे भेदरलेले कुत्रे समोर येते. आजवर ज्याने दुसऱ्याचे घेतले, तो येथे आपले म्हणून जे वाढविले ते देऊन टाकतो. फळावरचा हक्क सोडणे म्हणतात ते हेच नव्हे काय?

आता कोणी म्हणेल, ‘बुवा, कुत्रे पाळून गुन्हेगार साधू झाले काय?’ तसा दावा मी करीत नाही. मुळात या कामासाठी शिस्तीने वागणारे कैदीच निवडतात, प्राण्यांशी क्रूरपणा केलेल्यांना घेत नाहीत; म्हणून सगळे श्रेय कुत्र्याला देणे घाईचे होईल. आणि ज्यांचे नुकसान कैद्याने केले, त्यांचे दुःख यामुळे पुसले जात नाही. शिक्षा आहेच, फक्त तिच्यात शिक्षण घालावे, एवढेच म्हणणे.

हे परदेशी खूळ म्हणून सोडू नये. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, पंतप्रतिनिधींनी स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली. मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांची ती कल्पना. कैद्यांना जमीन दिली, बायकापोरांसह राहू दिले, भिंत घातली नाही. त्यावरूनच १९५७ साली शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ निघाला. जेथे बैल आणि नांगर सोपविता आला, तेथे कुत्रा सोपविणे अशक्य नाही.

आणि गरजही दाराशी आहे. आमच्या नाहूरला गाडीत बसले की मुलुंडनंतर ठाणे. तेथे जुन्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. इकडे गल्लोगल्ली कुत्री आहेत. २०२३ च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरचे कुत्रे नसबंदी आणि लस करून सर्वसाधारणपणे त्याच्या जागी सोडतात. परंतु २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, स्थानके अशा ठिकाणची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले. शिवाय हौस फिटल्यावर लोक घरची कुत्री सोडतात ती वेगळीच. निवाऱ्यातल्या या जीवांना कोण शिकविणार? ज्यांच्यापाशी वेळ आहे आणि ज्यांना कोणाच्या तरी उपयोगी पडावयाचे आहे, अशी माणसे भिंतीआड बसली आहेत.

शेवटी एक प्रश्न आपल्यालाच. उद्या असा शिकलेला गुणी कुत्रा मिळाला तर आपण कौतुकाने घरी आणू, पाहुण्यांना दाखवू. पण ज्याने त्याला शिकविले, तो माणूस सजा भोगून सुटला आणि काम मागत आपल्या दुकानाशी, कारखान्याशी आला, तर? कुत्र्याला अंथरूण आणि माणसाला दार बंद, हे बरे नव्हे. कुत्र्याची पारख आपण त्याच्या आजच्या वागण्यावरून करू. तशीच त्या माणसाचीही करावी. पहिल्या दिवशी त्याच्या हाती तिजोरीची किल्ली देऊ नये; पण झाडू, तराजू, हातोडा, जे काम असेल ते द्यावे आणि महिनाभर पाहावे.