आधी जागा विचार, मग फी

चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आता गावाच्या शिवारात अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची कॉलेजं आहेत, एक खासगी विद्यापीठही आहे. वर्गात मराठवाडा-खानदेशातून आलेली मुलं असतात, तशी भोसरी-चाकणच्या कंपन्यांतल्या कामगारांचीही. सायलीची मावशी परिसरातल्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. बी.कॉम. झालेल्या सायलीला एका खासगी विद्यापीठातून ‘आर्थिक साहाय्य समुपदेशक’ या पदाच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय.

सायली : मावशी, या कामात नेमकं करायचं काय असतं? मुलांचे फॉर्म भरून द्यायचे?

मावशी : फॉर्म मुलं मोबाइलवर भरतात, नाहीतर कॅफेवाला भरून देतो. आपलं काम त्याच्या आधी सुरू होतं. कुठली मदत कुणाला मिळू शकते, कशामुळे हातची जाते आणि उरलेला पैसा कुठून उभा करायचा, हे घरच्यांना वेळेत सांगायचं. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत असं वेगळं पदच नसतं. ‘स्कॉलरशिप सेक्शन’ म्हणून एक टेबल असतं आणि तिथला क्लार्कच समुपदेशक होतो.

सायली : अमेरिकेत तर यासाठी पूर्ण ऑफिस असतं म्हणे.

मावशी : असतं. तिथे विद्यार्थी फाफ्सा नावाचा एक अर्ज भरतो. त्यातल्या घरच्या उत्पन्नावरून सरकारी अनुदान आणि कर्ज किती मिळू शकतं ते ठरतं आणि विद्यापीठाचं ऑफिस त्याची जुळणी करून देतं. आपल्याकडे मदत खात्याखात्यांत वाटलेली आहे. समाजकल्याण, इतर मागास बहुजन कल्याण, आदिवासी विकास, तंत्रशिक्षण, उच्च शिक्षण. महाडीबीटी या सरकारी पोर्टलमुळे अर्जाची जागा एक झाली, अटी मात्र ज्याच्या त्याच्या वेगळ्याच राहिल्या.

सायली : मग समोर मुलगा आला की पहिलं काय विचारायचं? उत्पन्न?

मावशी : नाही, जागा. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालाय की मॅनेजमेंट कोट्यातून? राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घे. आपण सगळे तिला अजून ‘ईबीसी’च म्हणतो. खुल्या गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला निम्मी शिक्षण फी माफ होते, पण प्रवेश कॅपमधूनच हवा. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीलाही मॅनेजमेंट कोट्याची जागा चालत नाही. बारावीनंतर बाप म्हणतो, ‘राउंडची वाट कशाला बघायची, आत्ताच सीट पक्की करू.’ त्या एका सहीनं चार वर्षांची मदत जाते आणि नंतर कुठलंही टेबल ती परत आणून देऊ शकत नाही.

सायली : मुलींना तर आता सगळी फी माफ आहे ना?

मावशी : इथेच लोक अर्धवट ऐकतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींसाठी. प्रवेश इथेही केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा. आणि खासगी अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणजे चऱ्होलीत एकाच रस्त्यावर दोन मैत्रिणी उतरल्या, एक संलग्न कॉलेजात गेली, दुसरी खासगी विद्यापीठात, तर एकीची शिक्षण फी शून्य आणि दुसरीची पूर्ण.

सायली : आणि मी काम करणार खासगी विद्यापीठात.

मावशी : म्हणून तर सांगते. तिथे विद्यापीठाच्या स्वतःच्या सवलती असतात, बारावीच्या किंवा सीईटीच्या गुणांवर. तू पालकाला दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. सवलत पहिल्या वर्षापुरती आहे की शेवटपर्यंत, आणि ती टिकवायला दर वर्षी किती गुण हवेत. पहिल्या वर्षी मिळालेली सूट दुसऱ्या वर्षी बंद झाली, तर मधेच कॉलेज बदलणं सोपं नसतं.

सायली : आता उत्पन्नाकडे ये. आठ लाख म्हणजे कुणाचे, कुठले?

मावशी : घरातलं सगळ्या मार्गांनी येणारं वार्षिक उत्पन्न, तहसीलदाराच्या दाखल्यावरचं. या पट्ट्यात खरा घोळ होतो तो आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्यामुळे. तिथेही आकडा आठ लाखांचाच, पण तो दाखला देताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. चाकणच्या कंपनीत पर्मनंट असलेल्या ओबीसी कामगाराचा पगार ओव्हरटाइम धरून आठ लाखांच्या वर गेला, तरी मुलीला नॉन-क्रीमी लेयर मिळू शकतं. त्यावर तिला आरक्षणाची जागा मिळते. घरचे समजतात फीसुद्धा माफ. पण फीच्या सवलतीसाठी पगार मोजला जातो, म्हणून अर्ज बाद. हे प्रवेशाच्या वेळीच सांगितलं, तर बाप पैशाची सोय तरी करतो.

सायली : अर्ज मंजूर झाल्यावर तर काही अडत नाही ना?

मावशी : अडतं, बँकेत. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, मग खात्याच्या कार्यालयात जातो. कागद अस्पष्ट असेल तर ‘सेंड बॅक’ होऊन मुलाकडे परत येतो, आणि मुलगा पोर्टल उघडूनच बघत नाही. सगळं पार पडलं तरी पैसे जातात आधार सीडिंग असलेल्या खात्यात. खात्याला आधार नंबर दिलेला असणं आणि एनपीसीआयकडे तेच खातं जोडलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलगा पासबुक दाखवतो एका बँकेचं आणि पैसे जातात शाळेत असताना उघडलेल्या, बंद पडलेल्या खात्याकडे. त्यामुळे अर्ज भरतानाच सीडिंग तपासायला लावायचं.

सायली : पैसे थेट मुलाच्या खात्यात आले, तर कॉलेजची फी?

मावशी : त्यात फीचा जो भाग असतो तो मुलानं कॉलेजला भरायचा, निर्वाहभत्ता त्याचा. घरी अडचण असली की सगळेच पैसे खर्च होतात आणि परीक्षेच्या वेळी थकबाकी पुढे येते. उलट बाजूही आहे. सरकारकडून प्रतिपूर्ती उशिरा येते, कॉलेज मुलाच्या मागे लागतं. अशा वेळी नियम माहीत असलेलं कुणीतरी मध्ये लागतं. मुलाची मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला यूजीसीनं मनाई केलीय, हे सांगायला आपण घाबरायचं नाही.

सायली : फी सुटली तरी खोलीभाडं, मेस आहेच.

मावशी : बाहेरगावच्या मुलाचा खरा खर्च तोच. खुल्या गटातल्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजना. पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांत तिचे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ‘कमवा व शिका’ आहे. आणि पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून गरजू मुलामुलींना वसतिगृह देतेय. मुलगा ‘फी’ म्हणून विचारायला येतो. आपण त्याचं वर्षाचं सगळं अंदाजपत्रक कागदावर मांडायचं.

सायली : तरीही कमी पडलं तर कर्ज?

मावशी : कर्ज, पण हिशेब दाखवून. समजा चार वर्षं दर वर्षी लाख रुपये उचलले, सरळव्याज १० टक्के. शिकत असताना आणि नंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चालू असतं. कोर्स संपेपर्यंत एक लाख व्याज, त्या सवलतीच्या वर्षाचे आणखी ४०,०००. पहिला हप्ता येतो तेव्हा चार लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. दर महिन्याला थोडं व्याज भरत गेलं तर हा डोंगर होत नाही. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी हप्ता नसलेल्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरू शकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी मंजूर झाली, तीत तारण नाही, जामीनदार नाही. पण संस्था त्यांच्या यादीत हवी. म्हणजे पुन्हा प्रश्न जागेचाच.

सायली : एवढ्या अटी बघून मुलं घाबरत असतील.

मावशी : अटी पूर्वीही होत्या. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानानं बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांची. बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. मदत देणारा अट घालणारच. आपण ती अट सही करण्याआधी मुलाला वाचून दाखवायची.

सायली : एक विचारू? पगार विद्यापीठ देणार, आणि मुलाला फायद्याचं असेल ते दुसऱ्या कॉलेजात. मग मी काय सांगायचं?

मावशी : मुलाखतीत हे तूच त्यांना विचार. तुला प्रवेशाचं टार्गेट देणार असतील, तर ते मार्केटिंगचं काम आहे, नाव काहीही असो. ‘तुझा कॅपमध्ये नंबर लागतोय, फी माफ होतेय, इथे पैसे भरू नकोस’ हे पालकाला तोंडावर सांगता येत असेल, तरच त्या खुर्चीला समुपदेशक म्हणायचं. चार वर्षांची फी न झेपून तिसऱ्या वर्षी मुलगा घरी गेला, तर संस्थेचीही जागा रिकामी पडतेच.

सायली : आणि आत्ता बारावीला मुलं असलेल्या घरांना काय सांगशील?

मावशी : जातीचा दाखला असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच टाका. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला निकालाआधी काढून ठेवा. मुलाचं चालू बँक खातं आधारला सीड करून घ्या. कॅपचे राउंड संपेपर्यंत कॅपबाहेर कुठेही पैसे भरू नका. आणि कॉलेजात गेलात की फी किती हे विचारण्याआधी विचारा, ही जागा कोणत्या कोट्यातली आहे आणि तिच्यावर कोणती शिष्यवृत्ती चालते.