लहान दुकान, संगणक आणि आयकराची सवलत

दुकानात संगणक आणला की सरकार करात सूट देते, असे आपल्या बाजारात सर्रास बोलले जाते. रविवार पेठेत हे मराठीत ऐकू येते तसे कन्नडमध्येही. तिकडे कराला 'तेरिगे' म्हणतात एवढाच फरक, समज तोच. सूट आहे, हे खरे. पण ती कुणाला, कशावर आणि किती, हे आकडे मांडून पाहिले पाहिजे.

पुष्कळ लहान व्यापारी अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली कर भरतात. १९६१ च्या आयकर कायद्यातील हे कलम ४४ एडी. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यानेही ही योजना ठेवली आहे. तिच्यात खर्चाचा तपशील द्यावा लागत नाही. वर्षाच्या विक्रीवर ८ टक्के नफा झाला असे धरतात. मात्र जी रक्कम चेकने, बँकेतून किंवा यूपीआयने येते तिच्यावर ६ टक्केच. हा फरक नोटबंदीनंतर, २०१६-१७ या वर्षापासून लागू झाला. माझ्या मते लहान दुकानदाराची खरी सवलत हे २ टक्केच होत.

एका किराणा व्यापाऱ्याची विक्री २ कोटी आहे असे समजू. दुसरे उत्पन्न नाही. सारी वसुली रोखीत झाली तर नफा १६ लाख धरला जातो आणि २०२५-२६ च्या नव्या कररचनेप्रमाणे उपकरासह १,२४,८०० रुपये कर येतो. निम्मी वसुली बँकेतून आली तर कर ९३,६००. सगळीच बँकेतून आली तर नफा १२ लाख, आणि तेवढ्या उत्पन्नावर रिबेट असल्याने कर शून्य! वाचलेल्या रकमेत संगणक, बिल छापण्याचे यंत्र आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर येऊन वर काही शिल्लक राहावी.

पण विक्री दीड कोटीच्या आत असेल, तर ८ टक्क्यांनीही नफा १२ लाखांवर जात नाही. कर मुळात नाहीच, मग वाचणार काय? आमच्या गल्लीतली बहुतेक दुकाने याच गटात मोडतील असे मला वाटते. त्यांना संगणकाचा खर्च खिशातूनच करावा लागेल. दोघा भावांची भागीदारी असेल तर मात्र गोष्ट निराळी. भागीदारी संस्थेला हा रिबेट नाही. उपकर धरून ३१.२ टक्के कर पहिल्या रुपयापासून. तिथे १ कोटीच्या विक्रीवरही रोख आणि बँक यांत ६२,४०० रुपयांचा फरक पडतो.

एवढे असूनही व्यापारी बिचकतात, आणि त्याला कारण आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयची जमा पाहून अनेक छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या, तेव्हा बेंगळुरूत कित्येक दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. भीती समजण्यासारखी आहे. परंतु माल विकणाऱ्याला नोंदणीसाठी असलेली ४० लाखांची मर्यादा एकूण उलाढालीची आहे. रोख विक्रीही तिच्यात मोजली जाते. पाटी लावल्याने नोंदणीची जबाबदारी टळत नाही, आणि आयकरातले २ टक्के मात्र हातचे जातात.

आता संगणकाच्या घसाऱ्याविषयी. त्याचा दर ४० टक्के, म्हणून ५०,००० च्या संगणकावर २०,००० वाचले असे काही जण सांगतात. ही चूक आहे. २०,००० नफ्यातून वजा होतात. वाचतो तो त्यांच्यावरचा कर, म्हणजे भागीदारी संस्थेला ६,२४० रुपये. तेही अंदाजित योजनेत नसेल तरच, कारण त्या योजनेत घसारा आधीच दिला असे मानतात. केवळ संगणकापायी योजना सोडणे बहुधा परवडणार नाही. पाच वर्षांच्या आत बाहेर पडणाऱ्याला पुढची पाच वर्षे परत येता येत नाही. खरेदीवरचा १८ टक्के जीएसटी नियमित नोंदणीवाल्याला वळता करून मिळतो, कंपोझिशनवाल्याला नाही.

जे पूर्ण हिशेब ठेवतात त्यांनी दिवाळीच्या मुहूर्तासाठी थांबू नये. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर घसारा निम्माच मिळतो, म्हणून ऑक्टोबर लागताच संगणक चालू झालेला बरा. पैसेही चेकने द्यावेत. एका दिवसात एकाला १०,००० हून अधिक रोख दिली, तर ती रक्कम संगणकाच्या किमतीत धरली जात नाही.