औंढा ते हॅनफर्ड : अंतर किती, वेळ किती?

नकाशावर पट्टी ठेवून विमानाचं अंतर मोजू नका. पृथ्वी गोल, म्हणून सर्वांत जवळची वाट वाकडी दिसते. तिला ग्रेट सर्कल म्हणतात. कोन असा काढा :

कॉस (कोन) = साइन अ१ × साइन अ२ + कॉस अ१ × कॉस अ२ × कॉस (रेखांशांतला फरक)

अ१, अ२ म्हणजे अक्षांश. उदाहरण घरचंच घेऊ. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ (१९.६ उत्तर, ७७.० पूर्व) लायगो-इंडियाला केंद्राने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. तिची थोरली बहीण अमेरिकेत हॅनफर्डला (४६.५ उत्तर, ११९.४ पश्चिम). रेखांशांची बेरीज १९६.४, ती ३६० मधून वजा केली की फरक १६३.६. कोन येतो ११२.३ अंश. अंशाला १११.२ कि.मी., म्हणजे सुमारे १२,५०० कि.मी. ताशी ९०० ने, न थांबता, १४ तास. विमानं बदलत गेलं तर दिवस गेलाच समजा!

गुरुत्वीय लहर मात्र पृथ्वीतून आरपार जाते. तिची वाट जीवेची : २ × ६३७१ × साइन (अर्धा कोन) = १०,५८० कि.मी. प्रकाशाच्या वेगाने ३५ मिलिसेकंद, फार तर. तिरकी आली तर फरक कमी, आणि त्यावरूनच दिशा कळते. १४ सप्टेंबर २०१५ ला लहर आधी लिव्हिंग्स्टनला, मग ३,००० कि.मी. दूर हॅनफर्डला ७ मिलिसेकंदांनी पोचली. सरळ रेषेत आली असती तर १० लागले असते. दोनच ठिकाणं असली की आकाशात नुसतं एक कडं मिळतं, नेमकी जागा नाही. म्हणून तिसरं, तेही लांबचं ठिकाण लागतं. प्रवासाला नकोसं वाटणारं अंतर इथे मुद्दाम हवंय.

लिव्हिंग्स्टन ३०.६ उत्तर, ९०.८ पश्चिम. औंढ्यापासून करून बघा; ३८ मिलिसेकंद यायला हवेत.