संयम शिकूया : प्रश्नानंतरचे तीन सेकंद



'मला पटकन रागच येतो, स्वभावच तसा आहे माझा,' असं आपण सहज म्हणून जातो. मीही म्हणायचो. संयम जन्मतःच मिळतो, कुणाला जास्त, कुणाला कमी, असंच मला वाटायचं. माझा हा समज एका वजाबाकीने मोडला.

तिसरीच्या वर्गात फळ्यावर ५२ वजा २७ हे गणित होतं. एका मुलाला विचारलं, "दोनातून सात जातात का? मग काय करायचं?" तो फळ्याकडे बघत राहिला. मी लगेच म्हणालो, "अरे, दशक सुटा करायचा ना! कालच शिकवलंय!" आणि उत्तरही मीच लिहून टाकलं. मधल्या सुट्टीत तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, मला येत होतं. मी सांगणारच होतो." त्यानंतर बरेच दिवस त्याने वर्गात हात वर केला नाही.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी वर्गातले संवाद ध्वनिमुद्रित करून ते बारकाईने तपासले. १९७०च्या दशकात त्यांनी निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात! त्यातही हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी थोडे जास्त आणि मागे पडलेल्यांसाठी कमी. म्हणजे ज्याला वेळेची जास्त गरज, त्यालाच आपण कमी वेळ देतो. शिक्षकांनी थांबणं तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'येत नाही' म्हणणं कमी झालं आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

विचार करा, मुलं तीच होती. बदललं ते फक्त मोठ्यांचं थांबणं. म्हणजे संयम ही सवय आहे आणि सवय लावता येते. कशी? मला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो.

१) मनात मोजा. प्रश्न विचारल्यावर एक... दोन... तीन. पहिल्या दिवशी हे तीन सेकंद फार लांब वाटतील. वाटू द्या.

२) उत्तर आल्यावरही थांबा. 'बरोबर' किंवा 'चूक' असं लगेच म्हणू नका. मूल पुष्कळदा स्वतःच चूक सुधारतं किंवा पुढचं काही सांगतं.

३) घाईची वेळ ओळखा. सकाळी रिक्षावाले काका दारात हॉर्न वाजवत असताना बुटाची नाडी बांधायला शिकवू नका. तिथे कुणाचाच संयम टिकणार नाही. तेच रविवारी दुपारी शिकवा. नाही तर रोज पंधरा मिनिटं आधी उठा.

४) दिलेला शब्द पाळा. 'थांब हं, पाच मिनिटांत येते,' म्हणून आपण तासभर जातच नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ज्या लहान मुलांना मोठ्यांनी आधी शब्द पाळून दाखवला, ती समोरचा खाऊ न खाता सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला शब्द मोडला, ती सरासरी तीनच मिनिटं. प्रयोग छोटा होता, फक्त २८ मुलांचा, पण सांगतो खूप. थांबून काही मिळतं यावर विश्वास असेल, तरच मूल थांबेल ना?

५) तोल गेला तर कबूल करा. "मी घाई केली, माझं चुकलं. आता तू सांग," एवढं पुरे. असं म्हटल्याने आपला मान कमी होत नाही.

मी त्या मुलाला वर्गासमोरच तसं म्हणालो. तो लगेच बोलका झाला नाही, त्याला वेळ लागला. तेव्हाही मला थांबावंच लागलं. अजूनही कधी कधी माझं तोंड दोन आकड्यालाच उघडतं. मग पुन्हा एकपासून सुरुवात.

उद्या वर्गात किंवा घरी, दिवसातून निदान एका प्रश्नानंतर तीन आकडे मोजून बघा. उत्तर कदाचित येईल, कदाचित नाही येणार. पण आपल्यासाठी कुणीतरी थांबलं, हे त्या मुलाला नक्की कळेल.