तपासाची पहिली पायरी

आमच्या नारपोलीत गोदामातून माल गेला, की पहिला संशय हमालावर येतो. माझे वडीलही हमालच. तपास अधिकारी व्हावे, ही इच्छा माझ्या मनात त्यामुळेच रुजली.

त्याची वाट कोणती? शिपाई भरतीसाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरते. थेट उपनिरीक्षक होण्यास मात्र कोणत्याही शाखेची पदवी आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा लागते. म्हणजे आपली कला शाखाही चालते! लेखी परीक्षेनंतर शारीरिक चाचणी व मुलाखत होते. निवड झाल्यावर नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण मिळते.

परंतु खरा अभ्यास कायद्याचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते. शिवाय, पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरताच भाग ग्राह्य धरतात. हा नियम इंग्रजी अमदानीतला, १८७२ च्या पुरावा कायद्यातही होता.

म्हणून दरडावून घेतलेल्या कबुलीपेक्षा कुलपावरचा एक ठसा मोलाचा. तो जसा गुन्हेगाराला अडकवतो, तसा निरपराध हमालाला सोडवतोही. मला वाटते, तपासाची पहिली पायरी हीच.