झॅन्थन गमचा जागतिक बाजार आणि आपली करवंदाची बाटली



आजच्या व्हिडिओसोबतचा हा लेख हिशेबाचा आहे, तेव्हा वही-पेन घेऊन बसा.

मागच्या बॅचला वेल्हे तालुक्यातल्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या, एक ताई आल्या होत्या. करवंद आणि जांभळाचं सरबत करतात. चव एक नंबर. पुणे-सातारा हायवेवरच्या एका दुकानदाराने त्यांची दोन खोकी ठेवून घेतली आणि पंधरा दिवसांत परत पाठवली. कारण काय, तर बाटलीत गर खाली बसला होता आणि वर पातळ पाणी. गिऱ्हाईकाला वाटलं, माल खराब झालाय. माल चांगला होता, पण शेल्फवर तो चांगला दिसत नव्हता.

ताईंच्या मुलाने मोबाईलवर शोधाशोध केली आणि त्याला उपाय सापडला : झॅन्थन गम. इथवर उत्तम. पण शोधता शोधता त्याला या गमच्या जागतिक बाजाराचा एक अहवाल दिसला. कोट्यवधी डॉलरचा बाजार, दरवर्षी वाढतोय. पोरगं म्हणालं, "आई, सरबत कशाला विकायचं? आपण हा गमच बनवू. जमीन तारण ठेवू, कर्ज काढू."

ताई मला विचारायला आल्या. त्यांना जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी समजून घ्या, हा गम येतो कुठून

घरी कधी दही बिघडून त्याला तार सुटलेली पाहिलीय? चमचा उचलला की लांब चिकट धागा येतो. दह्यातले काही जिवाणू साखर खाऊन एक चिकट पदार्थ तयार करतात, त्याची ती तार. झॅन्थन गमचं तत्त्व असंच आहे, फक्त जिवाणू वेगळा. कोबीची पानं काळी करून कुजवणारा 'झॅन्थोमोनास' नावाचा जिवाणू साखरेवर वाढवतात आणि तो जो चिकट पदार्थ सोडतो, तो वेगळा काढून, वाळवून, दळून पावडर करतात.

अमेरिकेत पिओरिया इथल्या सरकारी शेती प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स या महिला शास्त्रज्ञाच्या गटाने हा पदार्थ शोधला. १९६९ मध्ये तिथे तो खाण्याच्या पदार्थांत वापरायला परवानगी मिळाली. आज सॉस, सॅलड ड्रेसिंग, आइस्क्रीम, टूथपेस्ट, सगळीकडे तो असतो. घरातल्या सॉसच्या बाटलीचं लेबल वाचा. 'आयएनएस ४१५' दिसलं, तर तोच हा.

याचा एक भाऊ आहे, जेलन गम, आयएनएस ४१८. तोही जिवाणूपासूनच बनतो. झॅन्थन पातळ पदार्थाला घट्टपणा देतो, तर जेलन गरम करून थंड केला की जेली जमवतो. जिलेटिन प्राण्यांपासून येतं, म्हणून शाकाहारी जेलीसाठी जेलनला मागणी असते.

बाजार मोठा आहे, पण तिथे बसलंय कोण?

अहवालात बाजाराचा आकडा असतो. त्या बाजारात शिरायला काय लागतं, ते आपल्याला शोधावं लागतं.

या गमचं सगळ्यात जास्त उत्पादन चीनमध्ये होतं. तिथल्या फुफेंगसारख्या कंपन्या मक्यापासून स्टार्च, त्यापासून साखर आणि त्याच साखरेवर गम, अशी सगळी साखळी स्वतःकडे ठेवतात. त्यांचा माल इतका स्वस्त पडायला लागला, की २०१३ मध्ये अमेरिकेने चीनच्या झॅन्थन गमवर अँटी-डम्पिंग ड्युटी बसवली. दुसरं उदाहरण घ्या. या धंद्यातली जुनी कंपनी सीपी केल्को २०२४ मध्ये ब्रिटनच्या टेट अँड लायलने घेतली, १.८ अब्ज डॉलरला. त्या मैदानात हे असे पैलवान आहेत.

आता कारखान्याच्या आत डोकावू. स्टीलची मोठी बंद टाकी, पूर्ण निर्जंतुक. आत सतत हवा सोडायची, तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास धरायचं, दोन-चार दिवस सतत ढवळायचं. दुसरा एखादा जंतू शिरला की अख्खी बॅच गटारात. जसजसा गम तयार होतो, तसतसं आतलं मिश्रण इतकं घट्ट होतं की ढवळायच्या मोटारीवर ताण येतो. एवढं करून १,००० लिटर मिश्रणातून गम हाती येतो साधारण २० ते ३५ किलो. तो वेगळा काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, तेही मिश्रणाच्या दुप्पट-तिप्पट. ते ज्वलनशील असतं. ते परत मिळवायची यंत्रणा नसेल तर अल्कोहोलच्या खर्चातच धंदा बुडाला. वर सांडपाणी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, अग्निशमनाची परवानगी आहेच.

आणखी एक गोष्ट. हाच गम तेलविहिरी खोदतानाही वापरतात. त्यामुळे मागणी आणि भाव तिकडच्या हालचालींवरही हलतात. आपल्या गवारीचं आठवा. २०११-१२ मध्ये अमेरिकेतल्या तेल-वायूच्या विहिरींमुळे गवार गमचे भाव आकाशाला भिडले, राजस्थानात शेतकऱ्यांनी भरमसाट गवार पेरली आणि मग भाव कोसळले. ज्यांनी वरच्या भावावर हिशेब मांडला होता, ते अडकले.

आता भोर-वेल्ह्याचा हिशेब मांडू

समजा, भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत सरबत-सॉस करणारे २०० छोटे उत्पादक आहेत आणि प्रत्येक जण हंगामात ५०० किलो माल करतो. आकडे मी मुद्दाम सढळ हाताने धरलेत. एकूण माल झाला १ लाख किलो. गम लागतो साधारण ०.२ टक्के. म्हणजे सगळ्यांना मिळून वर्षाला २०० किलो.

१,००० लिटरच्या एका छोट्या टाकीतून बॅचला २५ किलो धरले, तर आठ बॅचमध्ये दोन्ही तालुक्यांची वर्षभराची गरज संपली! मग उरलेलं वर्षभर काय करणार? चीनच्या मालाशी भावात लढणार? म्हणून ताईंच्या मुलाला सांगितलं, बाळा, जमिनीचा सातबारा कपाटातच ठेव.

मग 'ट्रेडिंग करू' असं कोणीतरी म्हणणारच. गमची पोती बहुतेक २५ किलोची येतात. ५० ग्रॅमची पाकिटं केली तर ५०० पाकिटं होतील. ती घेणारी ५०० माणसं तुमच्या ओळखीची आहेत का? रिपॅकिंगला अन्नसुरक्षेचा वेगळा परवाना लागेल, लेबल लागेल, पैसे अडकतील. यादी हातात असेल तर करा, नसेल तर नको.

आपली जागा वापरणाऱ्याची

आता उलटा हिशेब करू. १०० किलो सरबताला ०.२ टक्के म्हणजे २०० ग्रॅम गम. भाव सोयीसाठी किलोला ८०० रुपये धरू. तुम्ही खरेदीच्या दिवशीचा भाव टाका. खर्च झाला १६० रुपये. २५० ग्रॅमच्या ४०० बाटल्या भरल्या, तर बाटलीमागे ४० पैसे.

त्या ४० पैशांत गर खाली बसायचा थांबला आणि दोन खोकी परत यायची वाचली, तर जागतिक बाजाराचा तुमचा वाटा तुम्हाला मिळाला.

दुसरी संधी तांदळाची. आपल्या भागात इंद्रायणी पिकतो, डोंगरउतारावर नाचणी होते. तांदळाच्या आणि नाचणीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे केक-ब्रेड भुगा होतो. थोडा झॅन्थन गम घातला की पीठ धरून राहतं. गहू न चालणाऱ्या लोकांसाठी असा माल करता येतो. पण लेबलवर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे ग्लूटेन २० मिलिग्रॅमच्या आत असायला हवं. ज्या गिरणीत गहू दळतात तिथे तांदूळ दळून ते शब्द लिहू नका. कोणाच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

वापरायची पद्धत

१. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. किलोला २ ग्रॅम घालायचेत, चमच्याने अंदाज चालत नाही.

२. गम थेट रसात टाकला की गुठळ्या होतात. रेसिपीतलीच दहापट कोरडी साखर घेऊन त्यात गम नीट मिसळा.

३. मिक्सर चालू ठेवून हे मिश्रण रसात थोडं थोडं भुरभुरवा. उरलेली साखर नंतर घाला. आधीच साखर जास्त असेल तर गम नीट फुलत नाही.

४. १५-२० मिनिटं थांबा, मग साखर घालून नेहमीसारखं गरम करा. बुडबुडे वर येऊ द्या आणि बाटल्या भरा.

५. एकदम मोठी बॅच नको. ०, ०.१, ०.२ आणि ०.३ टक्के अशा चार बाटल्या करा, तारीख लिहा, महिनाभर ठेवा आणि दर आठवड्याला फोटो काढा. जास्त झालं तर सरबत लाळेसारखं लागतं. सगळ्यात कमी प्रमाणात काम होत असेल, तेच तुमचं प्रमाण.

दोन गोष्टी विसरू नका

एक, गम माल टिकवत नाही. स्वच्छता, साखर, आंबटपणा आणि उष्णता यांची जागा तो घेत नाही.

दोन, फळ कमी करून पाणी घट्ट करायचा मोह होईल. करू नका. स्क्वॅशमध्ये फळाचा रस किंवा गर किमान २५ टक्के असलाच पाहिजे, हा नियम आहे. राजगड-तोरण्याहून उतरलेला माणूस करवंदाची चव विकत घेतो. पुढच्या वेळी तो तुमच्याकडे थांबेल की नाही, ते त्या चवीवर ठरतं. तुमच्या प्रकारच्या पदार्थात हा गम किती चालतो, ते अन्नसुरक्षेच्या नियमांत तपासा आणि लेबलवर 'थिकनर, आयएनएस ४१५' असं स्पष्ट लिहा.

ताईंनी चार बाटल्यांचा प्रयोग केला. त्यांचं प्रमाण ०.१५ वर बसलं. मुलगा आता काटा सांभाळतो आणि वही लिहितो. दुकानदाराकडे पुन्हा एकच खोकं दिलंय, मुद्दामच एक.

तुमचा गृहपाठ : पुढच्या वेळी 'अमुक कोटींचा जागतिक बाजार' असा मथळा दिसला की वहीत तीन प्रश्न लिहा. हे बनवतं कोण? माझ्या तालुक्यात हे वर्षाला किती किलो लागतं? आणि मी यात बनवणारा, विकणारा की वापरणारा? तिन्ही उत्तरं आकड्यांत आली, की मगच बँकेची पायरी चढा.